ग्रुयेर आणि ब्रो: चीज-चॉकलेटची अर्ध्या दिवसाची सहल (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलांकडे बर्न-लोझानला आलेले आई-वडील, सहलीतून एक दिवस मोकळा मिळालेली मंडळी, कामानिमित्त आठवडाभर आलेले मित्र, सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा बदलत राहतात, म्हणून जिथे ते दिलेले नाहीत तिथे निघण्याच्या आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहून घ्या.

१. चीज आणि चॉकलेट दोन्ही एकाच फेरीत बघायचं तर नेमकं कुठे जायचं?

फ्रीबूर कँटनमधल्या ग्रुयेर परिसरात. प्रँजी या वाडीत ग्रुयेर रेल्वे स्टेशनच्या अगदी समोर 'मेझाँ द्यु ग्रुयेर' ही ग्रुयेर चीजची, लोकांना बघता येईल अशी डेअरी आहे, आणि तिथून गाडीने दहाएक मिनिटांवर ब्रो गावात 'मेझाँ काये' हे चॉकलेटघर. (पाटीवर ब्रोच्या शेवटी 'सी' दिसेल, तो उच्चारायचा नाही.) डोंगर, गाई, हिरवी कुरणं हे सगळं मधल्या वाटेवर आपोआप दिसतं, त्यासाठी वेगळं कुठे जावं लागत नाही.

२. खरंच अर्ध्या दिवसात होतं का? सकाळी जावं की दुपारी?

होतं, पण सकाळीच. चीज बनवण्याचं काम मेझाँ द्यु ग्रुयेरमध्ये साधारण नऊ ते साडेबारा या वेळातच चालतं. दुपारी गेलात तर धुऊन पुसून ठेवलेली तांब्याची भांडी आणि भिंतीवरचे फलक एवढंच पदरात पडतं, आणि तिकीट तेवढंच. चॉकलेटघर मात्र संध्याकाळपर्यंत उघडं असतं. म्हणजे क्रम ठरलेलाच आहे: साडेनऊपर्यंत चीज, अकराच्या सुमारास तिथून बाहेर, दुपारच्या आत चॉकलेट, दीड-दोनला परतीची वाट.

यात टेकडीवरचं ग्रुयेर गाव, किल्ला, फोंड्यूचं (वितळवलेल्या चीजचं) जेवण आणि मोलेझाँ डोंगर असं सगळं कोंबायला गेलात तर कुठलंच धड होत नाही. दोन चाखण्या आणि वरच्या गावात एक चक्कर, एवढं पुरे (गावासाठी प्रश्न १४).

३. ट्रेनने कसं जायचं? स्विस ट्रॅव्हल पास चालतो का?

सगळ्या वाटा ब्यूल या गावाशी येऊन मिळतात. बर्न किंवा फ्रीबूरहून थेट गाडी ब्यूलला येते, बर्नपासून साधारण तासाभराचा प्रवास. ब्यूलला उतरून माँबोवाँकडे जाणारी छोटी गाडी पकडली की थोड्याच वेळात ग्रुयेर स्टेशन. चीज आटोपल्यावर त्याच गाडीने पुन्हा ब्यूलला या आणि तिथून ब्रोची गाडी घ्या. ब्यूल ते ब्रो हा फाटा पूर्वी अरुंद रुळांचा होता. २०२३ मध्ये तो रुंद होऊन सुरू झाला आणि तेव्हापासून लांबच्या गाड्याही ब्रोपर्यंत जातात. शेवटचं स्टेशन चॉकलेटच्या कारखान्याच्या दाराशीच आहे.

माँत्रूकडून येणाऱ्यांनी माँबोवाँला गाडी बदलायची. वाट वळणावळणाची आहे, वेळ जास्त लागतो, पण खिडकी सोडवत नाही.

स्विस ट्रॅव्हल पास या सगळ्या गाड्यांना चालतो. चीज-चॉकलेटच्या भेटींचं तिकीट वेगळं. तिकीटखिडकीवर पास दाखवून सवलत आहे का ते विचारावं, विचारायला पैसे पडत नाहीत.

४. टूर कंपनीची सहल घ्यावी की आपलं आपण जावं?

ट्रेन बदलायची धास्ती नसेल तर आपलं आपणच जावं. दोन्ही ठिकाणी आत श्राव्यमार्गदर्शक मिळतो, तो इंग्रजीतही आहे, त्यामुळे माणसाची गरज भासत नाही. बसच्या सहलीत चॉकलेटच्या दुकानाला भरपूर वेळ आणि डेअरीला वीस मिनिटं, असा हिशेब पुष्कळदा असतो. ज्येष्ठ मंडळी जास्त असतील किंवा सामान सोबत असेल तर मात्र बसच बरी. बुक करण्याआधी एकच गोष्ट विचारा: डेअरीत किती वाजता पोहोचणार? उत्तर दुपारचं आलं तर प्रश्न २ आठवा.

माँत्रूहून निघणारी 'चॉकलेट ट्रेन' उन्हाळी मोसमात ठरावीक दिवशीच असते, तिला आरक्षण लागतं आणि तिच्यात जवळजवळ पूर्ण दिवस जातो. छान आहे, पण ती अर्ध्या दिवसाची सहल नव्हे.

५. डेअरीत प्रत्यक्ष काय बघायला मिळतं?

काचेपलीकडे, थोडं खाली, तांब्याची चार प्रचंड भांडी असतात, प्रत्येकात ४,८०० लिटर दूध मावणारी. दूध कच्चं, म्हणजे न तापवलेलं, आणि आसपासच्या गोठ्यांतून दिवसातून दोनदा आलेलं. नियमाप्रमाणे गोठा डेअरीपासून २० किलोमीटरच्या आतच हवा आणि गाईंना आंबवलेला मुरघास चालत नाही. उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात वाळलेला चारा.

दुधात विरजण आणि रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) पडतं. पस्तीस-चाळीस मिनिटांत सगळं भांडं खरवसासारखं थरथरत घट्ट होतं. मग तारांच्या चौकटी त्यातून फिरू लागतात आणि गोळा कापत कापत गव्हाच्या दाण्याएवढा बारीक होतो. हे मिश्रण ५७ अंशांपर्यंत तापवतात. इथे थांबून बघा: चीज करणारा माणूस हात आत घालतो, मूठभर दाणे उचलतो, दाबतो, बोटांनी मोडून बघतो. पलीकडे संगणकाचा पडदा सगळे आकडे दाखवत असतो, तरी 'झालं' हे तो मुठीवरूनच ठरवतो. त्याने मान डोलावली की सगळं नळ्यांतून साच्यांकडे जातं, निवळी खाली वाहून जाते आणि मागे उरतात चीजची गोल चाकं. एका भांड्यातून बारा.

साधारण ३५ किलोच्या एका चाकाला ४०० लिटर दूध लागतं. ते जवळपास वीस तास दाबाखाली, मग एक दिवस मिठाच्या पाण्यात आणि नंतर तळघरात. पाच महिन्यांच्या आत त्याला ग्रुयेर म्हणून विकता येत नाही, आणि चांगली चाकं अठरा महिन्यांपर्यंत मुरवतात. तळघरात हजारो चाकं लाकडी फळ्यांवर रांगेने बसलेली असतात आणि एक यंत्र एकेकाला काढून, मिठाच्या पाण्याने पुसून, उलटं करून परत ठेवत फिरतं. लहान मुलं इथून हलत नाहीत. तळघराजवळ नाकाला अमोनियासारखा झणका बसतो. काही बिघडलेलं नसतं, मुरणाऱ्या चीजचा तो वासच तसा.

६. चाखायला काय देतात? आधी चीज की आधी चॉकलेट?

डेअरीत तिकिटासोबत सहा, आठ आणि दहा महिने मुरलेल्या ग्रुयेरचे तीन तुकडे मिळतात. पुष्कळ जण ते दारातच तोंडात टाकून मोकळे होतात. तसं करू नका, खिशात ठेवा आणि तळघर बघून झाल्यावर सावकाश खा. गार तुकड्याला चव कमी असते, खिशातल्या उबेने ती सुटते. कोवळ्यापासून सुरुवात करा. सहा महिन्यांचं दुधाळ आणि सौम्य, आठचं थोडं फळांसारखं, दहाचं भाजलेल्या बदामाकडे झुकणारं आणि खारट.

चॉकलेट नंतरच. गोडाने जीभ एकदा लडबडली की सहा महिन्यांच्या तुकड्यात मिठाशिवाय काही कळत नाही. मध्ये पाव किंवा सफरचंद खा, पाणी प्या. चॉकलेट चावायचं नाही, जिभेवर ठेवून विरघळू द्यायचं. चावून गिळलं तर नुसती साखर कळते.

७. काये चॉकलेटघरात खरा कारखाना दिसतो का?

नाही. कारखाना शेजारीच आहे आणि चालू आहे, पण पाहुण्यांना आत सोडत नाहीत. २०१० मध्ये उघडलेल्या या घरात सुरुवातीला अंधाऱ्या खोल्यांतून दिवे, आवाज आणि हलत्या चित्रांतून कोकोची गोष्ट सांगतात. त्या नाटकाला काही जण कंटाळतात, मुलांना मात्र ते आवडतं. पुढे कोकोच्या बिया, बदाम वगैरे हाताळायला मिळतात, चॉकलेटच्या कांड्या तयार करणारी एक छोटी यंत्रमाला दिसते आणि शेवटी चाखण्याची खोली. तिथे हवं तितकं खा. पण पहिल्या चार-पाच तुकड्यांनंतर गंमत संपते, म्हणून ताट भरून घेऊ नका.

त्यामागचा इतिहास मात्र खरा रंजक आहे. फ्रान्स्वा-लुई काये याने १८१९ मध्ये व्हेवेजवळ चॉकलेटचा धंदा सुरू केला. त्याचा जावई दानिएल पेटर मेणबत्त्या बनवायचा. दिव्यांसाठी रॉकेल आलं, मेणबत्त्या बसल्या, आणि तो सासऱ्याच्या धंद्याकडे वळला. चॉकलेटमध्ये दूध घालायचं त्याच्या मनात होतं, पण दुधातलं पाणी आणि कोकोची चरबी काही केल्या एकजीव होईना. अखेर पाणी आटवलेलं दूध वापरून १८७५ मध्ये त्याला मिल्क चॉकलेट जमलं. मूळ कायेचा नातू अलेक्झांड्र याने १८९८ मध्ये ब्रोला कारखाना उभारला, कारण इथे दूध होतं आणि यंत्रं चालवायला नदीचं पाणी होतं. १९२९ पासून कंपनी नेस्लेकडे आहे. पावडरीऐवजी आटवलेलं दूध वापरण्याची पद्धत कायेने आजही सोडलेली नाही, आणि त्या चॉकलेटला येणारी किंचित खमंग दुधाळ चव त्यातूनच आलेली.

सुट्टीच्या दिवसांत वेळ आधी आरक्षित करा. नाहीतर ब्रोला पोहोचायचं आणि पुढचा प्रवेश दोन तासांनी, असं होतं.

८. आम्ही शाकाहारी आहोत. ग्रुयेर चालेल का?

हा प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारावा असा आहे, म्हणून स्पष्टच सांगतो: काटेकोर शाकाहारात ग्रुयेर बसत नाही. दूध घट्ट करणारं रेनेट वासराच्या जठरातून काढतात, आणि संरक्षित नावाच्या नियमांनुसार ग्रुयेरला तेच वापरावं लागतं. 'शाकाहारी ग्रुयेर' मागून मिळणार नाही. व्हाशरँ फ्रीबूर्जवा या इथल्या दुसऱ्या चीजचीही तीच गत. भारतात अमूलसारखं जे चीज आपण खातो ते सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो, म्हणून घरी हा प्रश्न कधी पडलेलाच नसतो. स्वित्झर्लंडमध्ये हिरव्या ठिपक्याची सक्ती नाही. घटकांच्या यादीत नुसतं 'रेनेट' लिहिलेलं असेल तर ते प्राण्याचं आहे असंच धरा. शाकाहारी चीज हवं असेल तर मोठ्या दुकानांत पिवळ्या गोलातल्या 'व्ही' खुणेची पाकिटं शोधा.

खावं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. कुणी म्हणतं वासराला मुद्दाम त्यासाठी मारलेलं नाही, कुणाला तेही पटत नाही. गटात जैन मंडळी किंवा श्रावण पाळणारे असतील तर त्यांना हे आधी सांगा. तोंडात घास असताना कळलं तर सहलीचा विचका होतो. बघायला मात्र सगळ्यांनी जावं. डेअरीतलं बघण्यासारखं सगळं काचेपलीकडे आहे आणि तीन तुकडे दुसऱ्याला देता येतात.

९. फोंड्यू तिथेच खावा का? त्यात वाइन असते म्हणतात.

असते. इथला नेहमीचा फोंड्यू 'म्वातिए-म्वातिए', म्हणजे अर्धं ग्रुयेर आणि अर्धं व्हाशरँ, तो पांढऱ्या वाइनमध्ये वितळवतात आणि वर बहुधा किर्श ही चेरीची दारू घालतात. उकळलं की मद्य उडून जातं हा समज चुकीचा आहे, थोडं राहतंच. मद्य नको असेल तर निव्वळ व्हाशरँचा फोंड्यू मागा. तो परंपरेनेच पाण्यात करतात, मंद आचेवर, आणि बटाट्यांबरोबरही खातात. ऑर्डर देताना 'वाइन नको, किर्श नको' हे दोन्ही सांगा. रेनेटचा मुद्दा इथेही तसाच राहतो (प्रश्न ८).

अर्ध्या दिवसाच्या सहलीत फोंड्यू नकोच, असं माझं मत. निवांत बसून खायला तासभर जातो, आणि त्यानंतर चॉकलेटकडे बघवतही नाही. काटेकोर शाकाहारी मंडळींना वरच्या गावातल्या हॉटेलांत बटाटे आणि सॅलडपलीकडे फारसं काही मिळत नाही. दशम्या, धपाटे, चटणी बरोबर ठेवा. स्विस लोकही बाकावर बसून घरून आणलेला डबा खातात, कुणी वळून बघत नाही.

गोड खायचं असेल तर मेरांग आणि दुप्पट साय चुकवू नका. लाकडी भांड्यातली ही साय इतकी घट्ट की चमचा उभा राहतो, तिच्यात कमीत कमी ४५ टक्के स्निग्धांश असतो. मेरांगमध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो. अंडं चालत नसेल तर हंगामात तीच साय स्ट्रॉबेरी-रासबेरीवर घ्या.

१०. चॉकलेटमध्ये अंडं, दारू, जिलेटीन असतं का?

साध्या वडीत, म्हणजे डार्क, मिल्क, पांढरं किंवा हेझलनटचं, यांपैकी काही नसतं. घोळ भरलेल्या चॉकलेटांत होतो. किर्श किंवा दुसरं मद्य भरलेली चॉकलेटं स्वित्झर्लंडमध्ये सर्रास मिळतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत. मुलांच्या हातात देण्याआधी नाव वाचा किंवा विचारा. नूगात अंड्याचा पांढरा भाग आणि मार्शमॅलोमध्ये जिलेटीन असू शकतं. बदाम-हेझलनटची ॲलर्जी असेल तर चाखण्याच्या खोलीत काहीच सुरक्षित समजू नका, सगळे त्याच चिमट्यांनी उचलत असतात.

११. दूध पचत नाही, मधुमेह आहे, गरोदर आहे. काय खाऊ?

दूध न पचणाऱ्यांना ग्रुयेर सहसा बाधत नाही. दुधातली साखर बरीचशी निवळीबरोबर जाते आणि उरलेली पहिल्या दिवसांतच जिवाणू संपवतात. मिल्क चॉकलेट आणि दुप्पट साय यांना मात्र हे लागू नाही. दुधाची ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा चीजही वर्ज्य.

मधुमेह असेल तर डेअरीत निर्धास्त राहा, चॉकलेटघरात डार्कचे एक-दोन तुकडे. ग्रुयेरमध्ये मीठ बऱ्यापैकी असतं, हे रक्तदाबवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

ग्रुयेर कच्च्या दुधाचं असलं तरी कठीण आणि दीर्घकाळ मुरवलेलं असल्यामुळे धोका फार कमी मानतात. मऊ चीजचं तसं नाही. गरोदरपणात तुमच्या डॉक्टरांचा शब्द अखेरचा.

१२. चित्रातल्या चीजसारखी भोकं का नाहीत? आणि दाताखाली येणारे पांढरे खडे मिठाचे का?

भोकंवालं ते एमेंटाल. ग्रुयेरमध्ये भोकं जवळजवळ नसतातच, असलीच तर वाटाण्याएवढी. एमेंटालमध्ये विशिष्ट जिवाणू वायू सोडतात त्याने ती पडतात. अलीकडे ती कमी का होऊ लागली याचं उत्तर स्विस संशोधकांनी २०१५ मध्ये दिलं: वायू साठायला दुधात चाऱ्याचे सूक्ष्म कण लागतात, आणि बंद यंत्रांनी दूध काढायला लागल्यापासून तेवढी घाणही दुधात उरली नाही!

खडे मिठाचे नव्हेत. चीज मुरताना प्रथिनं फुटतात आणि टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल स्फटिकरूपात जमतं. दहा महिन्यांच्या तुकड्यात ते सापडतील, आणि ते जुन्या चीजचं चांगलं लक्षण समजतात.

१३. हिवाळ्यात, पावसात किंवा रविवारी गेलं तर?

दोन्ही ठिकाणं छपराखाली आणि रविवारीही उघडी, म्हणून पावसाळी दिवसाला याहून चांगला बेत नाही. ख्रिसमस-नववर्षाच्या दिवसांत वेळा तपासा. हिवाळ्यात गाई गोठ्यात असतात, कुरणांवर नुसतं बर्फ. चीज वर्षभर बनतं.

गाई बघायच्या तर मे ते सप्टेंबर. डोंगरावरच्या झोपडीत लाकडाच्या जाळावर केलेलं 'आल्पाज' ग्रुयेर फक्त त्या मोसमाचं, ते वेगळं मागून चाखा. सप्टेंबरअखेर शार्मेसारख्या गावांत फुलांनी सजवलेल्या गाई डोंगरावरून वाजतगाजत खाली येतात. त्या दिवशी गर्दी अफाट, ही सहल अर्ध्या दिवसात होणार नाही.

१४. वरच्या ग्रुयेर गावात आई-बाबा चढू शकतील का? आणि तिथे काय आहे?

स्टेशनपासून चढ आहे, धडधाकट माणसाला पंधरा-वीस मिनिटं. बसही जाते, पण तिच्या वेळा विरळ. गावात गाड्यांना बंदी असल्याने वाहनतळापासून पुढे चालावंच लागतं, आणि रस्ता दगडी गोट्यांचा. गुडघेदुखी असेल किंवा मुलाची ढकलगाडी असेल तर गाव सोडून द्या, डेअरी आणि चॉकलेटघर सपाटीवरच आहेत.

वर एकच रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी घरं, टोकाला किल्ला. मध्येच हाडं-कवट्यांच्या कमानींचा एक बार दिसतो आणि सगळे दचकतात. परग्रहावरच्या भयानक प्राण्याला पडद्यावर रूप देणाऱ्या एच. आर. गिगर या स्विस चित्रकाराचं संग्रहालय १९९८ पासून इथे आहे, त्याच्या समोरचा हा बार. संग्रहालयात लहान मुलांना नेऊ नका.

१५. चॉकलेट आणि चीज भारतात कसं न्यायचं?

चॉकलेटची साधी वडी चॉकलेटघरातून घेऊ नका, तीच कायेची वडी कुठल्याही गावातल्या कोऑपच्या दुकानात मिळते आणि तिथे ती अनेकदा सवलतीत असते. ब्रोहून घ्यायचं तर बाहेर न मिळणारं काही घ्या.

चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं. विमानाच्या पोटात ते गार राहतं, घात होतो तो मे महिन्यात मुंबईच्या विमानतळाबाहेर टॅक्सीच्या डिकीत. बॅगेच्या मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून ठेवा. पुढे त्यावर पांढरट थर दिसला तर ती बुरशी नसते, वितळून पुन्हा गोठलेली चरबी असते. खायला हरकत नाही, फक्त चव थोडी भुसभुशीत लागते.

चीज हवाबंद पाकिटातलंच घ्या, दहा-बारा महिन्यांचं, आणि चेक-इन बॅगेत टाका. घरी उघडल्यावर प्लॅस्टिकऐवजी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. फोंड्यूचं ओलं मिश्रण आणि साय यांना हातातल्या सामानात द्रवपदार्थांचा १०० मिलिलिटरचा नियम लागतो. साय तर नेऊच नका.

१६. खरेदीवरचा कर परत मिळतो का?

परदेशी पर्यटकाने एका दुकानातून ३०० फ्रँकपेक्षा जास्त खरेदी केली तर मागता येतो. पण खाद्यपदार्थांवर कर मुळात २.६ टक्केच आहे, आणि मध्यस्थ कंपनी त्यातून स्वतःचं शुल्क कापते. चीज-चॉकलेटसाठी विमानतळावर त्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, घड्याळ घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

१७. आम्ही झुरिकला उतरलो आहोत. तिथून हे जमेल?

अर्ध्या दिवसात नाही. झुरिकहून ब्यूलला एका दिशेलाच दोन तासांहून जास्त लागतात, म्हणजे पूर्ण दिवस धरा. तेवढा वेळ नसेल तर चॉकलेटसाठी झुरिकजवळच्या किल्शबर्गमधलं लिंट कंपनीचं संग्रहालय बघा, २०२० मध्ये उघडलेलं, आत नऊ मीटरहून उंच चॉकलेटचं कारंजं. चीजसाठी आपेनत्सेलकडे श्टाइन गावात तशीच काचेपलीकडून बघता येणारी डेअरी आहे. ल्युसर्न किंवा इंटरलाकेनला राहणाऱ्यांनी बर्नमार्गे ग्रुयेरला यावं, मात्र पहाटेच्या गाडीने, कारण साडेबाराची मर्यादा त्यांनाही आहेच (प्रश्न २).